वळणावरचे चौदा अंश

"काकू, ह्या फोटोवरून चलान तर येणार नाही ना?"

पहिली सात-आठ वर्षं हा प्रश्न दर रविवारी कुणी ना कुणी विचारायचंच. माझं उत्तर ठरलेलं असे. "अरे बाबा, फोटोतली गाडी उभी असते. उभ्या गाडीला वेगाचं चलान कसं येईल?" यावर पोरं हसायची, हेल्मेट चढवायची आणि पुन्हा खाली जाऊन वर यायची, कारण पहिल्या फेरीचा फोटो कुणालाच पसंत पडत नाही.

मी मंदाकिनी शेडगे. तालुक्याच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो पाहुणेच काढायला लागले, पासपोर्टचे फोटो सरकारी खिडकीवर निघायला लागले, तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे दत्तारामांनी, कॅमेरा कपाटात ठेवून दिला. मी तो बाहेर काढला. रविवारी सकाळी पुण्याकडून शे-दीडशे मोटरसायकली आंबेखिंड घाट चढतात. वर बघण्यासारखं काही नाही, एक पाण्याची टाकी आहे. पण ह्या लोकांना पोचायचं कुठेच नसतं, त्यांना वळणं हवी असतात. त्यातलं सगळ्यात मोठं वळण आमच्या खिंडवाडीच्या वर आहे, गावात त्याला उंटमान म्हणतात. वळणाच्या आतल्या अंगाला, कातळाखाली, माझी थोरली नणंद हिराबाई हिचं चहा-भज्यांचं खोपट. समोरच्या कठड्यावर मी. चढून येणारी प्रत्येक गाडी टिपायची, संध्याकाळी सगळे फोटो संकेतस्थळावर टाकायचे, ज्याला आपला हवा त्याने तो घ्यायचा, असा हा धंदा.

या धंद्यात एक खुबी आहे, ती आधीच सांगून टाकते. पहिल्या वर्षी एक जाडजूड इंजिनिअर आपला फोटो बघून हिरमुसला. "काकू, मी एवढाच झुकलो होतो?" त्याला वाटत होतं की आपला गुडघा रस्त्याला घासला. फोटोत तो देवळाला प्रदक्षिणा घालायला निघाल्यासारखा दिसत होता. मला त्याची दया आली. पुढच्या फेरीला मी कॅमेराच जरासा तिरका धरला, गाडी ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला ती आणखी कललेली दिसेल असा. माणूस इतका खूश झाला की त्याने फोटो बायकोला, साहेबाला आणि सासऱ्याला पाठवला.

मागे नुसता कातळ असतो. घाटात आडवं असं काहीच नसतं, त्यामुळे तिरपं काय आहे तेही कुणाला कळत नाही. रस्ता थोडा जास्त चढाचा दिसतो इतकंच. मग मी सगळ्यांचेच फोटो तसे काढायला लागले आणि दहा वर्षांत ती सवय मनगटात जाऊन बसली. पुढे पुढे तर मी तिचा विचारही करत नसे.

संगणकावर मात्र मी फोटोला बोट लावत नसे. या लोकांचा त्याबाबतीत फार कटाक्ष. प्रत्येक फोटोखाली मी छापत असे, 'या छायाचित्रात कोणताही फेरफार केलेला नाही.' ते खरंच होतं. जे व्हायचं ते फोटो निघण्याआधीच होऊन गेलेलं असायचं.

मग गतिवाचक आला.

गतिवाचक म्हणजे रस्त्यावर बसवलेलं यंत्र नव्हे. तो एक प्रोग्राम आहे, आणि गतिवाचन कक्ष नावाच्या नव्या सरकारी कचेरीत तो रात्रंदिवस लोकांनी टाकलेले फोटो बघत बसतो. मला तो नीट समजावला त्या कक्षातल्या वृंदा खटावकर या तरुण अधिकारी बाईंनी. त्या कशासाठी आल्या होत्या ते पुढे सांगते, पण शास्त्र आत्ताच सांगते, म्हणजे अडायला नको.

दुचाकी वळणावर सरळ उभी राहू शकत नाही. वेग तिला बाहेर फेकू बघतो, म्हणून चालवणारा आत झुकतो आणि स्वतःचंच वजन त्या ओढीविरुद्ध घालतो. दोन्हींचा मेळ बसला तर गाडी वळते, नाही बसला तर पडते. म्हणजे किती झुकायचं हे त्याच्या मर्जीवर नसतं, ते वेग आणि वळणाची गोलाई ही दोघं ठरवतात. गंमत अशी की यात वजनाचा काही संबंध नाही. पैलवान असो की काडीपैलवान, तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर पन्नासच्या वेगाला दोघांनाही सारखंच झुकावं लागतं. मग हेच गणित उलटं मांडा. वळणाची त्रिज्या नकाशावरून मिळते. झुकाव फोटोत दिसतो. राहिला वेग, तो कागदावर निघतो. उभ्या गाडीला चलान येतं ते असं.

"पण अंग बाहेर काढून बसतात त्यांचं काय?" मी वृंदाताईंना विचारलं होतं.

"त्याचा हिशेब केलाय. गाडी आणि माणूस मिळून तोल कुठे आहे, ते बघतो गतिवाचक."

"आणि फोटो हलला असेल तर?"

"हललेल्या फोटोवर आम्ही विसंबतच नाही. तुम्ही लोक गाडीबरोबर कॅमेरा फिरवता, त्यामुळे गाडी स्पष्ट येते आणि मागचं पुसट. चाकाच्या आऱ्यांवरून वेग काढता आला असता, पण ह्या नव्या विजेच्या गाड्यांच्या चाकांना आरेच नसतात, झाकणं असतात. म्हणून झुकाव."

कायदा आधीच बदलला होता. सगळ्यांना बघता येईल असा फोटो, त्यात नंबर, तारीख, ठिकाण दिसत असेल तर तो पुरावा. जानेवारीत पहिली चलानं आली आणि मला वाटलं, संपला आपला धंदा. दोन रविवार उंटमान ओस पडली. वन्संनी भज्यांचं पीठ कमी भिजवलं आणि सगळा दोष माझ्या कॅमेऱ्याला दिला.

तिसऱ्या रविवारी मात्र नेहमीपेक्षा दुप्पट गाड्या आल्या. झालं होतं असं की कुणा एकाने आपलं चलान फोटोशेजारी फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. 'उंटमान वळण, वेग ६३ किलोमीटर प्रतितास', खाली सरकारची मोहर. आजवर ही मंडळी वेगाच्या बाता मारायची आणि कुणी विश्वास ठेवत नसे. आता सरकारच लिहून देत होतं! उंटमानेवर मर्यादा पन्नासची. साठाच्या वरचं चलान ज्याच्याकडे नाही तो त्यांच्यात कच्चं लिंबू ठरायला लागला. लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, "काकू, नंबर स्पष्ट येऊ द्या हं."

त्यातले बरेच जण साठच्या आसपासही नव्हते, हे मला दिसत होतं. दहा वर्षं त्या कठड्यावर बसलेल्या बाईला वेग कळतो. पण देणारा खुशीने देतोय, घेणारं सरकार आहे, मध्ये आपण कशाला तोंड घाला? मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, दहाच्या सुमाराला, वन्संनी नेहमीसारखा माझा चहा ओतला आणि रस्ता ओलांडायला निघाल्या. मी कॅमेऱ्यात डोळा घालून बसले होते. खालून एक करड्या रंगाची विजेची गाडी वळणात शिरली, मी बटण दाबलं, गाडी चौकटीतून बाहेर गेली. नंतर फक्त रबर घासल्याचा आवाज आला आणि मग वन्संची किंकाळी.

गाडीवाला होता इम्तियाज मुजावर. वाईजवळचा, अडतीस वर्षांचा, सरकारी रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर. मी त्याला ओळखत होते, माझ्याकडून त्याने चार-पाच फोटो नेले होते. त्याचं स्वतःचं गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं, पण त्याने एका हाताने खोपटातली बाकाची फळी काढायला लावली, वन्संचा पाय तिला कसा बांधायचा ते मला ओरडून ओरडून सांगितलं आणि आपल्याच सोबत्यांना फोन करून गाडी मागवली. वन्संचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण पहिल्यासारख्या नाही.

चार दिवसांनी वृंदाताई आल्या त्या याच फोटोसाठी. मूळ फाइल त्यांना हवी होती. स्टुडिओत बसून त्यांनी ती आपल्या लॅपटॉपवर लावली. पडद्यावर इम्तियाजच्या गाडीवर एक हिरवी रेघ आली, शेजारी एक उभी रेघ आली, आणि दोहोंमध्ये आकडा उमटला.

"पंचेचाळीस अंश. म्हणजे जवळजवळ बासष्टचा वेग," त्या म्हणाल्या. "'सावधान'ची पाटी असलेल्या वळणावर मर्यादा ओलांडून कुणी जखमी झालं तर आता लायसन्स कायमचं जातं. शिवाय तुरुंग, दोन वर्षांपर्यंत."

"गाडीत नोंद नसते का वेगाची?"

"असते, पण ती कंपनीच्या सर्व्हरवर. त्याची गाडी बनवणारी कंपनी दोन वर्षांपूर्वी बुडाली. म्हणून तुमचा फोटो हाच काय तो पुरावा." त्यांनी एक कागद पुढे केला. "छायाचित्रात फेरफार नाही, एवढं लिहून द्या."

मी त्या उभ्या रेघेकडे बोट दाखवलं. "ही कशावरून काढता?"

"फोटोत विजेचा खांब, घराची कड, असं काही मिळालं तर त्यावरून. इथे नुसता कातळ आहे. मग फोटोची कड हीच सरळ धरतो. हल्लीचे कॅमेरे आपण किती कललोय ते फाइलमध्ये लिहून ठेवतात, तुमचा जुना आहे, तो नाही लिहीत. पण व्यावसायिक माणूस कॅमेरा सरळ धरतो, हे गृहीतच आहे."

व्यावसायिक! इतक्या वर्षांत मला कुणी व्यावसायिक म्हटलं नव्हतं, लोक 'फोटोवाल्या काकू' म्हणायचे. मी सही केली. कागदावर लिहिलेलं अक्षरशः खरं होतं.

रात्री जेवताना मी दत्तारामांना सांगितलं. कॅमेरा तिरका धरते, किती ते माहीत नाही, पण बासष्ट काही खरं नाही. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"बहीण माझी अंथरुणावर पडलीय," ते म्हणाले, "आणि तू त्या माणसाची वकिली करतीस?"

"वकिली नाही. खरं काय ते..."

"खरं हेच, की हिराक्का रस्त्यावर होती आणि त्यानं तिला उडवली. तू तुझं मनगट तुझ्याजवळ ठेव."

मी ठेवलं. वन्सं रुग्णालयातून घरी आल्या, मी सकाळ-संध्याकाळ त्यांचं करायला जात होते. त्यांच्या उशाशी वृंदाताईंनी दिलेल्या अहवालाची प्रत होती. वन्संना वाचता येत नाही, पण त्यातला ६२ त्यांना बरोबर सापडायचा. आल्यागेल्याला त्या त्यावर बोट ठेवून दाखवत.

"वाऱ्यावानी आला मुडदा. बासष्ट! पन्नासची पाटी हाय तिथं, आंधळ्याला बी दिसती." मग माझा हात धरून म्हणत, "मंदे, तुझ्या फोटूनं न्याव दिला बघ. न्हाईतर लोक म्हणले असते, म्हातारीच मधी आली."

मी "हो वन्सं" म्हणत असे आणि त्यांची पाठ पुसून देत असे. त्या माझ्यावर इतकं प्रेम पूर्वी कधी करत नव्हत्या, आणि मला ते नको झालं होतं.

सुनावणीला पाच दिवस राहिले असताना इम्तियाज स्टुडिओत आला. हात गळ्यात, दाढी वाढलेली. मला वाटलं, भांडायला आलाय. त्याने खुर्ची ओढली आणि विचारलं, "मावशी चालायला लागल्या का?"

"चार पावलं. वॉकर धरून."

"रोज दहा पावलं वाढवा. दुखतं म्हणून बसू देऊ नका, नाहीतर सांधा धरतो." मग तो काउंटरवरच्या काचेखालचे फोटो बघत राहिला. "ताई, मी अठ्ठेचाळीसवर होतो. असं मला वाटत होतं. मीटर बघितला होता मी वळणात शिरताना. तुमचा कॅमेरा दिसला की मी जरा सावकाशच घेतो, फोटो चांगला येतो म्हणून."

"मग तसं सांगा तिथे."

"तिथे काय सांगू? माझेच जुने फोटो लावलेत त्यांनी फायलीला. ग्रुपवर मीच लिहिलेलं, 'पासष्टने काढली उंटमान.' सरकारनं दिलं म्हणून लिहिलं. तेव्हा पण मला वाटलं होतं, आपण एवढे नव्हतो. पण मशीन म्हणतंय तर असेन, छाती फुगली. आता तेच मशीन म्हणतंय बासष्ट, तर नाही कुठल्या तोंडानं म्हणू?" तो थोडा हसला. "रात्री झोपताना मी मीटर आठवतो. पहिल्या दिवशी काटा अठ्ठेचाळीसवर दिसायचा. आता बासष्टवर दिसतो. खरंच दिसतो, ताई. वकील म्हणाला, गुन्हा कबूल केला तर शिक्षा कमी होईल. करतो कबूल. सोळा वर्षं लोकांना दवाखान्यात पोचवलं, एकीला मीच मोडली, हे काही मनातून जात नाही. तुम्हाला सांगायला आलो, की फोटोचा राग नाही."

तो गेला. कठड्यावरून बघून वेग कळतो, असं मी मघाशी म्हटलं. मला माहीत होतं की तो पन्नासच्या आत होता. त्यालाही माहीत होतं. माझ्या मनगटाने त्याच्या डोक्यातला काटा सरकवला होता, आणि तो माणूस न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जायला तयार होऊन माझा निरोप घेऊन गेला होता. मला स्वतःची किळस आली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून वृंदाताईंना फोन केला.

त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "नुसत्या तोंडी सांगण्यावर अहवाल बदलता येत नाही, मंदाकिनीताई. उद्या कुणीही म्हणेल. मोजावं लागेल."

"काय मोजणार?"

"तुम्हाला."

मोजणी बुधवारी ठरली, उंटमानेवरच. घरी बातमी पोचलीच. वन्संना वाटलं, सरकार खटला आणखी पक्का करायला येतंय. "मला बी न्या," त्यांनी धरणं धरलं. दत्तारामांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, पण बहिणीला जीपमध्ये बसवलं. खोपटाच्या दारात खुर्ची टाकून त्या बसल्या, मोडक्या पायाखाली उशी. मी रस्त्यापलीकडे माझ्या जागेवर, त्यांच्या बरोबर समोर.

मोजणीची रीत साधी होती. गावातल्या गवंड्याने कातळाच्या माथ्यावरून ओळंबा सोडला होता. पितळी लोलकाची दोरी, पांढरी रंगवलेली. दोरी म्हणजे खरी उभी रेघ, तिला कुणी तिरकं करू शकत नाही. एक पोलीस गाडीवरून खालून वर तीस वेळा येणार, मी नेहमीसारखे तीस फोटो काढणार. प्रत्येक फोटोत ती दोरी जेवढी कललेली दिसेल तेवढी माझी चूक.

"नेहमीसारखे काढा," वृंदाताई म्हणाल्या. "विचार करू नका."

विचार करू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? मी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी समोर बघितलं. वन्सं माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, काढ, काढ, अशी. त्यांना खात्री होती की मी त्यांच्या बाजूने उभी आहे. फोनवर बोलताना मी मोठी सत्यवादी होते. पण त्या वेळी वन्सं समोर नव्हत्या.

खरं ते सांगते. पहिले दहा फोटो मी सरळ काढायचं ठरवलं. सरळ निघाले तर माझा फोन खोटा ठरेल, बाई भावनेच्या भरात काहीतरी बोलली असं होईल, आणि वन्संचा आकडा वन्संपाशी राहील. इम्तियाज तर कबूल करायला तयारच आहे. मी दोन्ही कोपर अंगाला घट्ट लावले, मनगट ताठ केलं, डोळा नेहमीसारखा गाडीवरच ठेवून कॅमेऱ्याची कड मनाशी जुळवली आणि दहा फोटो अगदी सरळ काढले. मग मला घाम फुटला, की हे मी काय करतेय! उरलेले वीस मी मन घट्ट करून हातावर सोडून दिले. हात जसा गेला तसा जाऊ दिला.

वृंदाताईंनी जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून तीसही फोटो एकाखाली एक लावले. आम्ही सगळे भोवती जमलो. दत्तारामांनी वन्संची खुर्ची उचलून जवळ आणली.

"तेरा, चौदा, चौदा, पंधरा, तेरा..." वृंदाताई वाचत गेल्या. "सरासरी चौदा अंश."

"आणि पहिले दहा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पहिले दहा? त्यांचीही चौदाच. पहिल्यात आणि नंतरच्यात काही फरक नाही. का?"

मी ते पहिले दहा फोटो पुन्हा पाहिले. मला सरळ म्हणजे काय तेच कळेनासं झालं होतं. दहा वर्षांत डोळ्याने तिरक्यालाच सरळ म्हणायला सुरुवात केली होती, आणि खोटं बोलायचं ठरवूनही माझ्या हाताने खरं तेच सांगितलं होतं. मला त्या हाताचं कौतुक वाटलं नाही. भीती वाटली.

वृंदाताईंनी तिथेच गणित केलं. पंचेचाळीसातून चौदा गेले, एकतीस राहिले. एकतीस अंशांना वेग येतो अठ्ठेचाळीस. "आम्ही वळणाची त्रिज्या सेंटिमीटरपर्यंत मोजली होती," त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "रस्त्याचा उतार मोजला, टायरची रुंदी धरली. कॅमेरा धरणारी तेवढी मोजायची राहिली."

"म्हंजी काय झालं?" वन्संनी विचारलं.

वृंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. शेवटी मीच गुडघ्यावर बसले आणि सांगितलं. कॅमेरा, मनगट, तो जाडा इंजिनिअर, सगळं. बासष्ट नव्हे, अठ्ठेचाळीस. तो पाटीच्या आत होता.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. एकदा त्या पांढऱ्या दोरीकडे बघितलं, एकदा भावाकडे. भाऊ जमिनीकडे बघत होता, त्यावरून त्यांना कळलं की त्याला आधीच ठाऊक होतं. मग त्या वृंदाताईंना म्हणाल्या, "बाई, माझा बी जबाब लिवून घ्या. पयला खोटा हाय."

"हिराक्का, गप बस," दत्ताराम म्हणाले.

"तू गप. लिवा बाई. म्या लिवून दिलंय, की दोन्हीकडं बघून रस्त्यात उतरले. म्या बघितलंच नव्हतं. वीस वरसं म्या कानानं रस्ता वलांडती. गाडीचा आवाज न्हाई म्हंजी रस्ता मोकळा. ह्या नव्या गाड्यांना आवाजच न्हाई, ठावं होतं मला, पर पायाला ठावं नव्हतं. हातात कप, ध्यान चहा सांडू नये त्यावर." त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. "बासष्ट ऐकलं तवा म्या म्हणलं, देव पावला. माझी चूक न्हाई. आता झोप लागंल. लागली बी."

वृंदाताईंनी लिहून घेतलं. वन्संनी अंगठा दिला आणि जीपमध्ये बसवायला सांगितलं. माझा हात त्यांनी धरला नाही, भावाचाही नाही. गवंड्याच्या खांद्याला धरून चढल्या.

इम्तियाजवरचा खटला निकालात निघाला. तो आठवड्याने पुन्हा रुग्णवाहिकेवर रुजू झाला. मला त्याचा फोन आला. आभार वगैरे मानले नाहीत त्याने, एवढंच म्हणाला, "ताई, काटा अजून कधी कधी बासष्टवर दिसतो." 

उंटमानेवरची वर्षभराची दोनशे बारा चलानं रद्द झाली. मला वाटलं होतं, लोक पेढे वाटतील. आली ती शिव्यांची पत्रं. भिंतीवरचे त्रेसष्ट एकदम पन्नासाखाली आले होते. त्या जाड्या इंजिनिअरने तर तक्रार केली, की आपलं चलान रद्द करू नये, आपला वेग खराच होता. गतिवाचन कक्षाने नवा नियम काढला, कललेपणाची नोंद ठेवणारा कॅमेरा असेल तरच फोटो पुरावा. माझं कठड्यावर बसणं संपलं. खरं तर मीच संपवलं. ज्या हातावर माझाच ताबा नाही, त्याच्यात कॅमेरा द्यायची हिंमत होईना.

वन्संकडे मी जात राहिले. सकाळी अंघोळ, संध्याकाळी पावलं. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. पाठ पुसून घेत, हात पुढे करत, वॉकर मागत, सगळं खुणेने. दत्ताराम म्हणाले, जाऊ नकोस. पण मी गेले नसते तर सांधा धरला असता. तीन आठवडे असेच गेले.

एका संध्याकाळी अंगणात साठ पावलं झाली आणि त्या मध्येच थांबल्या. वॉकरवर दोन्ही हात, नजर समोर.

"दत्त्याला सांगितलंस," त्या म्हणाल्या. "त्या सरकारी बाईला सांगितलंस. मला न्हाई सांगितलंस."

"चुकलं, वन्सं."

"रोज येत हुतीस. रोज माझ्या तोंडून बासष्ट बासष्ट ऐकत हुतीस. आधी माझ्यापाशी यायचंस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आले असते, तर काय केलं असतंत?"

वन्संनी वॉकर पुढे सरकवला, आणखी दोन पावलं टाकली. 

"तुला गप बसवली असती," त्या म्हणाल्या.